गुलुगुलु : नोंद अपुरी

४ ऑक्टोबर

सप्रेम नमस्कार,

मायन्यात काय लिहावं यात अर्धा तास गेला. पस्तीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. 'अगं' म्हटलं की आतून 'काय' यायचं, काम भागायचं. कागदावर 'अगं' लिहून पाहिलं, तर कुणी 'काय' म्हणेना. म्हणून हे.

ताईंकडून तुझा निरोप मिळाला, की फोनवर मी फक्त 'बरं' आणि 'ठीक' म्हणतो, तेव्हा सांगण्यासारखं काही असेल तर लिहून कळवावं. बरं.

इकडे सगळं ठीक आहे. कुकरचं रबर सापडत नाही. बटाटे उघड्या पातेल्यात उकडतो. पाऊण तास लागतो, पण वेळेला काय तोटा नाही. न्हाणीघरातला गळका नळ प्लंबरने दुरुस्त केला, आता त्याच्या शेजारचा गळतो. पोहण्याच्या तलावावरच्या दोघी येऊन तुझ्या निरोपसमारंभाचे फोटो देऊन गेल्या. पाकीट टेबलावर आहे. उघडायला सवड झाली नाही.

तू 'महिनाभर ताईकडे राहून येते' म्हणाली होतीस. आज पाच आठवडे झाले. महिना किती दिवसांचा हे आमच्या कोशात दिलेलं आहे, पण तो आजचा विषय नाही.

विषय कामाचा आहे. आमच्या बोलीकोशाची पुरवणी 'ग'मध्ये पोचली. गुलछबू झाला, गुलाबी झाला आणि परवा सकाळी माझ्यापुढे कार्ड आलं : गुलुगुलु. माझ्या आधीच्या संपादकांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं. 'स्त्रीपुरुषांचे लाडिक, हळू आवाजातील बोलणे. चारचौघांत केलेली लाडीगोडी. तुच्छतादर्शक.' खाली अवतरण नाही. म्हणजे हा शब्द कोणी, कुठे, कुणाला उद्देशून वापरला याचा एकही पुरावा नाही. मुख्य संपादकांनी लाल शाईत शेरा मारला आहे : 'नोंद अपुरी. तुच्छतादर्शक कशावरून? पुन्हा करावी.'

आमच्या टंकलेखिका तुला माहीतच आहेत. अठ्ठावीस वर्षं कोश टाइप करतायत, त्यामुळे प्रत्येक नोंद माझ्याआधी त्यांना पाठ असते. कार्ड माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "सर, नेमका हाच शब्द नेमका तुमच्याच टेबलावर. देवाची करणी आणि नारळात पाणी." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. समारंभाला त्या तिसऱ्या रांगेत होत्या.

तर तुझ्या माहितीत हा शब्द कोण, कुणाबद्दल, कोणत्या सुरात वापरतं ते कळव. तुझा माणसांशी संबंध माझ्याहून जास्त. काम म्हणून विचारतो आहे.

कळावे,
मी


१३ ऑक्टोबर

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोनच ओळी. 'कुकरचं रबर फ्रीजवरच्या डब्यात. सप्रेम नमस्कार करायला मी काय बँक आहे?'

रबर मिळालं. दुसऱ्या ओळीवर विचार चालू आहे, तोवर मायन्याची जागा रिकामी ठेवतो.

शब्दाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तेव्हा मीच वही घेऊन बाहेर पडलो. तुला खोटं वाटेल, पण मी अनोळखी माणसांशी बोललो.

पहिला गेलो खालच्या शिंप्याकडे. तो आणि त्याची बायको दोन मशिनींवर समोरासमोर बसतात. मी विचारलं, "गुलुगुलु म्हणजे काय हो?" तो तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाला, "ते तर समोरच्या मेडिकलवाल्याचं. बायको दुपारी डबा घेऊन आली की अर्धा तास कुजबुज. गिऱ्हाईक तापाने फणफणत उभं." मी रस्ता ओलांडून मेडिकलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आम्ही गोळ्यांच्या तारखा तपासत असतो हो. गुलुगुलु बघायचं तर त्या शिंप्याचं बघा. दिवसातून वीस वेळा त्याची सुई बायको ओवून देते, आणि तो सुईकडे बघतच नाही." मी परत शिंप्याकडे जाऊन हे सांगितलं. त्याची बायको इतकी हसली की शिवण वाकडी गेली. शिंपी म्हणाला, "मला जवळचं दिसत नाही, काका." बायको म्हणाली, "चष्मा घेऊन दिलाय. खिशात असतो."

सकाळी बागेत गेलो. तळ्याजवळच्या बाकावर एक म्हातारं जोडपं रोज बसतं. ती त्यांच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत असते. फिरायला येणारे तिघं रोज त्यांच्यावरून जाताना म्हणतात, "चाललं बघा यांचं गुलुगुलु." मी बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "कसलं आलंय गुलुगुलु. यांना ऐकू येत नाही, म्हणून कानाशी बोलावं लागतं." मग त्या उठून नळावर पाणी प्यायला गेल्या. तेवढ्यात आजोबा माझ्याकडे झुकून म्हणाले, "मला स्वच्छ ऐकू येतं. तिला सांगू नका."

मी वहीत लिहून घेतलं आणि कुठे बघावं ते मला कळेना. तळ्यात बदकं होती, त्यांच्याकडे बघितलं.

शब्द ऱ्हस्व की दीर्घ, यावर टंकलेखिका आणि मी दोन दिवस भांडलो. शेवटी ठरलं, की आवाजावरून झालेले शब्द ऱ्हस्व लिहायचे, दुडुदुडु, लुटुलुटु, तसंच गुलुगुलु. त्या टाइप करता करता म्हणाल्या, "म्हणजे ज्याचा आवाज झाला ते सगळं ऱ्हस्वच का, सर?" मी पुढचं कार्ड ओढलं. त्या बाईंना आधी बोलायची एवढी सवय नव्हती.

एकूण सतरा कार्डं जमली आहेत. ती टेबलावर मांडून बसलो असताना एक गोष्ट ध्यानात आली. हा शब्द सगळे दुसऱ्याबद्दलच वापरतात. 'त्यांचं गुलुगुलु', 'तुमचं गुलुगुलु', 'ह्या दोघांचं'. 'माझं' किंवा 'आमचं' एकाही कार्डावर नाही. शब्द दोघांचा आहे, पण तो कायम तिसऱ्याच्या तोंडात. कोशाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ताईंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे?

मी


२० ऑक्टोबर

तुझं दुसरं कार्ड कार्यालयाच्या पत्त्यावर आलं. म्हणजे टंकलेखिकांनी आधी वाचलं. 'तुमचे शिंपी-मेडिकलवाले वाचून ताई हसली. मीही हसले. सतरा कार्डं जमवलीत, पण अठरावं गाळलंत.'

खरं आहे. गाळलं.

काल ते फोटोंचं पाकीट उघडलं. एक फोटो आहे त्यात, तलावाच्या कडेला मांडव, खुर्च्या, मागे निळं पाणी. तू व्यासपीठावरून खाली उतरते आहेस, माझ्याकडे येते आहेस. तुझा चेहरा असा आहे की मी फोटो उलटा ठेवला, आणि मग पुन्हा सरळ केला. तो चेहरा त्या दिवशी मी पाहिलाच नव्हता. मी लोकांकडे बघत होतो.

आता जे झालं ते लिहितो. तुला माहीत आहे, पण मी ते कधी माझ्या तोंडाने म्हटलेलं नाही.

तुझी एकतीस वर्षं तलावावर झाली. दोनशे माणसं आली होती. तू शिकवलेली मुलं, त्यांची मुलं, तीन डॉक्टर, एक अग्निशमन दलाचा अधिकारी, ज्याला तू त्याच्या सातव्या वर्षी कान धरून पाण्यात ढकललं होतंस. मलाही दोन शब्द बोलायला लावणार होते, म्हणून माइकवाल्याने आधीच माझ्या कॉलरला तो इवलासा माइक लावून ठेवला होता. तू भाषणात म्हणालीस, "पहाटे साडेचारला उठून मला चहा देणारा आणि संध्याकाळी सगळे ओले टॉवेल वाळत घालणारा माणूस घरात होता, म्हणून मी दोन हजार मुलांना पोहायला शिकवू शकले." मग तू खाली आलीस, माझ्या गळ्यात हात टाकलेस आणि खांद्यावर डोकं टेकलंस.

आणि मी म्हणालो, "अगं, या वयात हे काय गुलुगुलु. लोक बघतायत. सोड."

हळूच म्हणालो होतो. पण माइक चालू होता. तलावाच्या चारी कोपऱ्यांना कर्णे होते. पाण्यावरून आवाज जातो कसा, हे मला त्या दिवशी कळलं. 'सोड' समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं.

दोनशे माणसं हसली. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. मीही हसलो. तूही हसलीस, हात काढून घेतलेस, सगळ्यांना खायला वाढलंस. संध्याकाळभर ती कार्टी तुझ्यामागे 'गुलुगुलु, गुलुगुलु' करत फिरत होती आणि तू प्रत्येकाला टपली मारत होतीस. घरी येऊन तू टॉवेल धुतलेस, स्वतःच वाळत घातलेस. मी म्हणालो, "दे, मी घालतो." तू म्हणालीस, "राहू दे."

तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू भांडलीस की मला निदान कळतं मी कुठे उभा आहे.

अठराव्या कार्डावर माझं वाक्य लिहिलं. वक्ता : नवरा, वय बासष्ट. सूर : तुच्छतादर्शक. मुख्य संपादकांनी विचारलेल्या 'कशावरून'चं उत्तर मिळालं, पण कार्ड अजून त्यांच्याकडे पाठवलेलं नाही.

मी


२८ ऑक्टोबर

तुझं काहीच आलं नाही. रोज दुपारी टपाल आलं की टंकलेखिका मान हलवतात आणि पुन्हा टाइप करायला लागतात. त्यांचा वेग कमी झालाय.

मी परवापासून एका गोष्टीचा विचार करतोय. तुला ती सांगितलेली नाही. सांगण्यासारखी कधी वाटली नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. आई दोन महिने हॉस्पिटलात होती, मोठं ऑपरेशन झालं होतं. घरात आम्ही अकरा माणसं, काका, काकू, आत्या, सगळी पोरं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, हे तुला माहीत आहे. आई घरी येणार त्या दिवशीही ते कामावर गेले होते. दुपारी गाडी दाराशी थांबली, काकाने आईला हात धरून उतरवलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून बाबा पळत आले. मी त्यांना पळताना तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी आईला तिथेच, उंबऱ्याबाहेर, घट्ट धरलं. हात धुवायलाही थांबले नव्हते. आईच्या फिक्या शालीवर पाठीमागे शाईचे दोन काळे पंजे उमटले.

काका म्हणाला, "चाललं का गुलुगुलु, भर दारात?"

सगळे हसले. आणि ते तिथे थांबलं नाही. बाबांनी आईला जेवताना मीठ दिलं तरी कुणीतरी म्हणायचं, गुलुगुलु. ती खोकली आणि बाबांनी मान वर केली, गुलुगुलु. घरात तो एक खेळच होऊन बसला. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडायचं ठाऊक आहे? मी. मला नवा शब्द मिळाला होता.

बाबांनी त्यानंतर आईला कुणासमोर बोटदेखील लावलं नाही. रस्त्याने चालले की दोघांमध्ये तिसरं माणूस मावेल इतकं अंतर. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी आणि आई दोघं उशाशी बसलो होतो. बाबा मला म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन ये." मी बाहेर गेलो, व्हरांड्यात उभा राहिलो. वीस मिनिटांनी आईने दार उघडलं. आत काय झालं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला माणूस होतो, कोशात काम करत होतो, आणि मला एवढं कळलं नाही, की माझे बाबा स्वतःच्या मुलाला घाबरतात.

काकाने तो शब्द फेकला, मी झेलला, पन्नासेक वर्षं सांभाळून ठेवला आणि नेमका तुझ्यावर फेकला. शब्द जपणं हा माझा धंदा आहे असं मी अभिमानाने सांगतो. यात मात्र अभिमानासारखं काही नाही.

माझं चुकलं. हे आधीच लिहायला हवं होतं. पहिलं पत्र आठवून बघितलं, त्यात ते कुठे बसलं असतं. कुकरच्या रबराच्या आधी बसलं असतं.

मी


२ नोव्हेंबर

अहो,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा ताईला वाचून दाखवलं, म्हणजे तिने ओढूनच घेतलं.

आधी एक स्पष्ट करते. मी रागावून आले नाही. दमून आले. एकतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, 'घाबरू नका, पाणी धरून ठेवतं.' आणि घरी आले की मीच अंग चोरून वावरायचे. बसमध्ये तुमच्या शेजारी बसले तरी पिशवी मध्ये. त्या दिवशी मला वाटलं, आता नोकरी संपली, आता मोकळं व्हावं. आणि भोंग्यावरून 'सोड' आलं. राग नाही आला. हात एकदम जड झाले, एवढंच.

आता तुमच्या गोष्टीबद्दल. ती मला ठाऊक आहे. सासूबाईंनी सांगितली होती, आपलं लग्न होऊन वर्ष झालं असेल तेव्हा. पण त्यांची गोष्ट तुमच्यासारखी नव्हती. ती शाल त्यांनी कधी धुतली नाही. ट्रंकेच्या तळाशी कागदात गुंडाळून ठेवली होती. मला उघडून दाखवली, दोन्ही पंजे तसेच, एक अंगठा जरा फरपटलेला. म्हणाल्या, "सगळे हसले ते मला ऐकूच आलं नाही गं. मी विचार करत होते, हे पळत आले." आणि दाराआड तुमचे बाबा फार बोलके होते म्हणे. मला शपथ घातली होती म्हणून तुम्हाला कधी बोलले नाही. आज मोडली. त्या रागावायच्या नाहीत.

तुम्ही काकांचं हसणं जपून ठेवलंत. त्यांनी पंजे ठेवले. एकाच दारातले दोघं तुम्ही.

मलाही दाराआडचं भरपूर मिळालं. पहाटेचा चहा, टॉवेल, मला ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर हात. तक्रार नाही. पण मला आता दाराबाहेरचं हवं आहे. साठ झाली, अजून किती थांबू?

तुमच्याकडे 'माझं' म्हणणारं कार्ड नाही म्हणता ना. मग घ्या लिहून. मला गुलुगुलु करायचं आहे. उजेडात, चारचौघांत. कुणी बघत असेल तर बघू दे.

आता इथली बातमी. इथल्या तलावावर बायकांना शिकवायला कुणी नव्हतं. मी नुसती बघायला गेले आणि मला धरूनच ठेवलं. मार्चअखेरपर्यंत हो म्हणून बसले आहे. बारा जणी आहेत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ताई त्यांत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत भित्री. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं, आता ती पाठीवर तरंगते आणि खाली यायचं नाव घेत नाही.

रविवारी सकाळी अकराला आमची तुकडी असते. यायचं तर तेव्हा या. नाही आलात तरी मी मार्चनंतर येईनच, घर माझंही आहे. पण मग आपण जसे होतो तसेच राहू. तुम्हाला तसं चालेल. मला नाही.

तुमची,
जिला 'अगं' म्हणता ती

ता. क. : त्या आजोबांचं बायकोला खरंच सांगितलं नाहीत ना?


१२ नोव्हेंबर

प्रिये,

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. कार्यालयात बसून लिहितोय. टंकलेखिका मागे उभ्या राहून वाचतायत आणि मी कागद झाकलेला नाही. त्या म्हणतात, 'प्रिये' जरा जुनाट वाटतं, पण चालेल.

रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. तू पाण्यात होतीस, तुला माझी बाजू दिसली नसणार.

सहा तासांच्या बसमध्ये मी वाक्यं पाठ करत होतो. चार वाक्यं तयार केली होती, चौथ्यात एक उपमाही होती. तलावावर पोचलो तर पहारेकरी म्हणाला, "आता बायकांची वेळ आहे." मी म्हणालो, "माहीत आहे. शिकवणाऱ्या बाईंचा मी नवरा." तो म्हणाला, "त्या बाईंचा नवरा तुम्ही? अच्छा, अच्छा," आणि त्याने इतक्या आदराने फाटक उघडलं की मला वाटलं, आपण परत जावं, हा माणूस फसवला जातोय.

आत बारा डोकी पाण्यावर. ताई सोडून सगळ्यांनी कठडा धरलेला. तू मध्ये उभी, पाठमोरी, लाल टोपी घातलेली. एकीने मला पाहिलं, मग सगळ्यांनी. तू वळलीस. मी चारही वाक्यं विसरलो. उपमाही गेली.

तू म्हणालीस, "चपला काढा. ओल्या फरशीवर घसराल."

मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि काठावर बसलो. पाय पाण्यात. इतकं गार पाणी असतं हे तू कधी बोलली नाहीस. तू चालत माझ्यापर्यंत आलीस आणि थांबलीस. हात पुढे केला नाहीस. मला कळलं, की इथून पुढचं सगळं मला करायचं आहे.

माझ्या कानात त्या वेळी काका बोलत होता. अगदी स्पष्ट. मी तुला खोटं सांगणार नाही, तो गप्प झाला नाही. तो बोलत असतानाच मी वाकलो, तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणजे घ्यायला गेलो कपाळाचं, मिळाली टोपी. रबराची चव अजून तोंडात आहे.

मग सगळीकडे शांतता. बारा बायका, एक पहारेकरी. मी वाट बघत होतो हसण्याची. कुणी हसलं नाही. आणि त्या शांततेत ताई, आभाळाकडे तोंड करून तरंगत, म्हणाल्या, "झालं का तुमचं? बाई शिकवत नसल्या की माझे पाय बुडतात."

तेव्हा सगळ्या हसल्या. तूही. मीही. त्या हसण्यात आणि पहिल्या हसण्यात फरक काय, ते मी तीन दिवस शोधतोय. कोशकार म्हणून सांगता येत नाही. पण तू टोपी काढलीस, केस पुसलेस आणि म्हणालीस, "आता नीट," तेव्हा मी ते शोधणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तुझा हात माझ्या हातात होता, मी दुसऱ्या हाताने पिशवी धरून पायरीवर एक पाय ठेवून उभा, आणि आपण काय बोलत होतो? ताईंच्या गुडघ्याचं तेल. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमचं गुलुगुलु आटपलं असेल तर बेल मारू?" मी त्याला म्हणालो, "दोन मिनिटं द्या. आमचं चाललंय अजून." तो म्हणाला, "घ्या, घ्या," आणि खरंच दोन मिनिटं थांबला. बसमधल्या एकाही माणसाने तक्रार केली नाही. मी आत चढल्यावर एका आजींनी खिडकीची जागा दिली, म्हणजे तू दिसावीस म्हणून.

आज सकाळी नोंद पूर्ण करून मुख्य संपादकांकडे दिली. अशी :

'गुलुगुलु. न. (बोली) प्रेमाच्या माणसाशी केलेली हळू, लाडिक बोलाचाली; चारचौघांत दाखवलेली माया. बघणाऱ्याच्या तोंडी बहुधा थट्टेने, कधी कौतुकाने. करणाऱ्याच्या तोंडी क्वचित. तेव्हा थट्टा नसते.' अवतरण : '"मला गुलुगुलु करायचं आहे. उजेडात, चारचौघांत." – खासगी पत्र.'

तुझं वाक्य तुला न विचारता घेतलं. माझं अठरावं कार्डही सोबत जोडलं आहे; ते छापलं जाणार नाही, पण खोक्यात राहील. मुख्य संपादकांनी नोंद दोनदा वाचली, चष्मा काढला, विचारलं, "हे खासगी पत्र कुणाचं?" मी म्हणालो, "माझ्या बायकोचं." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमच्याकडे असं पत्र येत नाही," आणि सही केली. त्यांचा मूड बघून मी लगेच अर्ज पुढे केला : मार्चअखेरपर्यंत 'घ' ते 'ज'ची कार्डं मी टपालाने पाठवीन, बसायला टेबल आणि दिवा असला की मला कुठूनही काम करता येतं. तेही मंजूर झालं. टंकलेखिका म्हणाल्या, "जा, सर. 'च'मध्ये तुमची फार अडचण होणार आहे, पण जा." मी शब्दांची यादी काढून पाहिली. त्यांचं बरोबर आहे. चावटपासून सुरुवात होते.

त्या आजोबांचं मी बायकोला सांगितलेलं नाही. पण काल गेलो तर आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना ऐकू येतं, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे." हे मी आजोबांना सांगितलं नाही. आता दोन्हीकडची गुपितं माझ्याकडे आहेत आणि त्यांचं काय करायचं मला कळत नाही. तुला भेटल्यावर सांग.

ताईंच्या मागच्या खोलीतलं शिवणाचं टेबल मला चालेल. त्यांना विचारून ठेव. घराची किल्ली शिंप्याच्या बायकोकडे देतोय, ती झाडांना पाणी घालणार आहे.

पुढच्या गुरुवारी दुपारी तीनची बस आहे, रात्री नऊच्या सुमारास पोचते. स्टँडवर ये. त्या वेळी तिथे बरीच गर्दी असते म्हणतात. बस थांबल्यावर मी नेमकं काय करीन ते मला अजून माहीत नाही, पण कार्डांची खोकी पार्सलने पुढे पाठवली आहेत आणि मी एकच पिशवी आणतोय, तीही खांद्याला अडकवायची. हात मोकळे असलेले बरे.

तुझा